पोत आणि मेणबत्ती

मी इतिहास शिकवते. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात. दोन वर्षांपूर्वी चौदा एप्रिलची तयारी चालू असताना एका सहकाऱ्याने मला विचारले, "मॅडम, तुमच्यात मेणबत्ती का हो लावतात? ती तर ख्रिश्चनांची. आपला दिवा चालत नाही का तुम्हाला?"

या प्रश्नात कुचेष्टा नव्हती, असे मी आजही मानते. पण त्यात 'तुमच्यात' होते आणि 'आपला' होते. हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडचा माणूस सावध होतो. मी एवढेच म्हणाले, "चालतो की. पण आम्ही मेणबत्ती लावतो." हे काही उत्तर नव्हे. जी बाई वर्गात साधनांची चिकित्सा शिकवते तिला आपल्या घरातल्या मेणबत्तीचा इतिहास सांगता येऊ नये याची मला लाज वाटली. त्या लाजेतून हा लेख लिहीत आहे.

मेणबत्ती आपल्या घरात किती खोलवर आली आहे ते आधी पाहू. नामकरण असो, मंगल परिणय असो, नव्या घरात पाऊल टाकणे असो की मेलेल्या माणसाचा जलदान विधी असो, पांढऱ्या कापडाच्या टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, फुले, अगरबत्ती आणि मेणबत्ती हा आपला ठरलेला मांड आहे. मेणबत्ती पेटते, मग त्रिशरण-पंचशील होते. सहा डिसेंबरला आपण हीच मेणबत्ती लावतो आणि चौदा एप्रिललाही हीच लावतो. दुःखाची वेगळी आणि आनंदाची वेगळी अशी वाटणी आपण केलेली नाही. समई मात्र आपण मांडत नाही. ही निवड कोणी केली आणि का केली?

प्रथम ख्रिश्चनांविषयीचा आक्षेप घेऊ. युरोपातल्या चर्चमध्ये शतकानुशतके मेणबत्ती जळत आली हे खरे. पण तिथेही मेणामेणात उतरंड होती. वेदीवर मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती हवी असा दंडक होता. ती महाग. गरिबांच्या घरात जनावरांच्या चरबीची बत्ती जळे. तिला धूर फार आणि वासही फार. एकोणिसाव्या शतकात हे बदलले. १८५० साली जेम्स यंग याने दगडी कोळशापासून पॅराफिन काढण्याचे पेटंट घेतले, पुढे ते खनिज तेलापासून निघू लागले आणि स्वच्छ जळणारी पांढरी मेणबत्ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. आपल्या किराणा दुकानात मिळते ती हीच. ती चर्चमध्ये जन्मलेली नाही, कारखान्यात जन्मलेली आहे.

आशियात या मेणाचे एक मोठे ठिकाण ब्रह्मदेश हे होते. १८८६ साली स्थापन झालेली बर्मा ऑइल कंपनी रंगूनजवळच्या कारखान्यात रॉकेलबरोबर मेण आणि मेणबत्त्याही काढीत असे. आसामात दिग्बोईचा तेलशुद्धीकरण कारखाना १९०१ साली सुरू झाला. ब्रह्मदेशातल्या बौद्धांनी ही मेणबत्ती निःसंकोचपणे पॅगोड्यात नेली. तिथे वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला घरोघर आणि विहारोविहारी दिव्यांची व मेणबत्त्यांची आरास होते.

आता आपल्या चळवळीचा या देशांशी आलेला संबंध आठवा. बाबासाहेब १९५० साली श्रीलंकेत कँडीच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या परिषदेला गेले आणि तिथून आणलेली बुद्धमूर्ती त्यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात बसविली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांच्या तोंडून त्यांनी त्रिशरण-पंचशील घेतले ते कुशीनाऱ्याचे महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे. म्हणजे ज्या बौद्ध जगाशी आपण नाते जोडले त्या जगात मेणबत्ती आधीच बुद्धासमोर जळत होती. ती वांद्र्याच्या किंवा वसईच्या चर्चमधून आपण उसनी आणली असे समजण्याचे कारण नाही. आणि आणली असती तरी त्यात कमीपणा कसला? उजेडाला जात नसते. जात असते ती दिव्याभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांना.

आणखी एक गोष्ट. दीपपूजेची जी पाली गाथा आपण म्हणतो तिच्यात मेणबत्तीचे नावही नाही. तिच्यातला दिवा कापराने पेटलेला आहे. तेव्हा मेणबत्तीच हवी अशी धम्माची आज्ञा नाही. शास्त्राची आज्ञा नसताना लाखो गरीब माणसे घराघरात एकच वस्तू उचलतात, तेव्हा तिचे कारण ग्रंथात सापडत नाही. ते त्या माणसांच्या जगण्यात शोधावे लागते. मला ते माझ्या आजीच्या जगण्यात सापडले.

आमचे गाव तेरणाकाठचे. माझी आजी आराधीण होती. तुळजापूरच्या भवानीची परडी आमच्या घरात तिच्या सासूकडून आली होती. परडी म्हणजे मान, असे गाव म्हणे. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि दुसऱ्या हातात पोत. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते : पोत म्हणजे कापडाचा घट्ट पिळा, धातूच्या मुठीत बसवलेला, तेलात भिजवून पेटवलेला. मंगळवारी आणि शुक्रवारी आजी जोगवा मागायला निघे. कोणी पीठ घाली, कोणी मीठमिरची. आणि कोणी पोतावर पळीभर तेल घाली.

या तेलाकडे नीट पाहिले पाहिजे. पोत सतत तेल पितो. आजीच्या घरात भाजीला तेल नव्हते, मग पोताला कुठून असणार? ते मागावेच लागे. गावात पायरीखाली उभे राहायचे, पदर सावरायचा, उदो म्हणायचे. वरून धार पडायची. देणारीचा हात वर, घेणारीचा पोत खाली. धार अंतर राखून पडायची, कारण पोत देवीचा असला तरी तो धरणारा हात महाराचा होता. ज्या देवीच्या नावाने हे चाले तिच्या दारी आजीचे पाऊल कुठवर जाई हे सांगायला नको.

गावगाड्यातला एकूण उजेडच असा वाटून दिलेला होता. गाभाऱ्यातल्या समईला आपला हात लागायचा नाही. रात्री-अपरात्री येणाऱ्या अंमलदाराला पुढच्या शिवेपर्यंत वाट दाखवत नेण्याचे काम मात्र महाराचे. काही गावांत होळीचा विस्तव आधी महारवाड्यातून यायचा आणि मग गावची होळी पेटायची. विस्तव चालायचा, माणूस चालायचा नाही. माझ्या आजोबांनी पाटलांच्या वराती गॅसबत्ती डोक्यावर घेऊन पार पाडल्या. नवरदेवाच्या तोंडावर उजेड, बत्तीखालच्या माणसावर अंधार. या सगळ्याला गाव मान म्हणे, हक्क म्हणे, वतन म्हणे. उजेड वाहण्याचे काम आमच्याकडे वंशपरंपरेने होते. उजेडाची मालकी मात्र एका पिढीतही नव्हती.

या वतनाविरुद्ध बाबासाहेब किती वर्षे झगडले हे आपण जाणतो. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले होते. आपल्या जिल्ह्याला तर याची जवळची आठवण आहे. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. महार आणि मांग हे दोन शब्द त्या परिषदेच्या नावात शेजारी होते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मग १९५६ आले. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला विजयादशमी होती. दसऱ्याला तुळजापुरात देवीचे सीमोल्लंघन होते, आणि आमच्या भागातली अर्धी दुनिया त्या दिशेला तोंड करून असते. त्याच दिवशी नागपुरात लाखो माणसांनी वेगळीच सीमा ओलांडली. आमच्या वस्तीत दीक्षेचा कार्यक्रम नंतर झाला. आजीला साल सांगता येत नसे. "बाबासाहेब गेल्यावरच्या उन्हाळ्यात" असे ती सांगे. आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि तेरणेच्या डोहात सोडले. परडीही गेली. कवड्यांची माळही गेली. पोताची पितळी मूठ मात्र आजीने आठवडाभर दिली नाही.

लहानपणी मी तिला विचारले होते, "आज्जी, भ्याव वाटलं का गं तुला?"

ती म्हणाली, "वाटलं की. देवी कोपंल, लेकरं मरतील, असं वाटायचं. मंगळवार आला की हात शिवशिवायचा. पर एक मंगळवार गेला, दुसरा गेला. काय झालं न्हाई. मंग मूठ मोडीत घातली, अन् त्या पैशात बाबासाहेबांचा फोटू आला अन् मेणबत्त्यांचा पुडा आला."

आणि मग ती जे बोलली त्यात मेणबत्तीचा सगळा इतिहास आहे. "पोताला तेल मागावं लागायचं, बाळा. मेणबत्तीसाठी कुणाची पायरी चढावी लागली न्हाई. दुकानात पैसं टाकलं, घेऊन आले."

माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मेणबत्तीला तेल घालावे लागत नाही. तिला वात वळणारा लागत नाही, मुहूर्त सांगणारा लागत नाही, सोवळे लागत नाही, ती सासूकडून सुनेकडे वारशाने येत नाही. मजुरीच्या पैशातून ती विकत घेता येते. रोजगारावर जाणाऱ्या बाईच्या कनवटीला जेवढे पैसे असतात तेवढ्यात ती येते, आणि ती पेटवायला कोणाचीही परवानगी लागत नाही. जोगव्याच्या उजेडाकडून विकतच्या उजेडाकडे आजीने टाकलेले ते पाऊल होते. बावीस प्रतिज्ञांनी आपल्याला देव नाकारायला शिकवले. मेणबत्तीने माझ्या आजीला मागणे नाकारायला शिकवले.

"पण यात बौद्ध काय आहे?" असे कोणी म्हणेल. दुकानातून वस्तू आणणे हा काही धर्म नव्हे. तर मग थोडे मागे जाऊ. आमच्या गावाची तेरणा जिथून वाहते ते तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात या गावाचे नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर, जिथून कापड भडोचच्या बंदराकडे जाई. तेथे उत्खनन झाले तेव्हा विटांच्या स्तूपाचे अवशेष सापडले. तेरचे त्रिविक्रमाचे मंदिर मागच्या बाजूला अर्धगोल आहे, विटांच्या चैत्यगृहासारखे. ते मुळात बौद्ध चैत्यच असावे असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी तिथे नेते. आपण या मातीत १९५६ साली आलो नाही. त्या वर्षी आपण परत आलो, हे त्यांना डोळ्यांनी दिसावे म्हणून नेते.

तेरच्या स्तूपापुढे दिव्याचे तेल कोण देत असे हे सांगणारा लेख तेरला मिळालेला नाही. सांचीला मात्र तसे लेख आहेत. गुप्त संवत १३१, म्हणजे इसवी सन ४५०-५१ मधल्या एका लेखात हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेचे दान कोरलेले आहे. तिने काकनादबोट विहाराला बारा दिनार कायम ठेव म्हणून दिले. त्याच्या व्याजातून रोज एका भिक्खूला जेवण द्यायचे. आणखी तीन दिनार दिले. त्याच्या व्याजातून रत्नगृहात बुद्धापुढे रोज तीन दिवे लावायचे. आणखी एक दिनार दिला. चार बुद्ध बसले आहेत त्या जागी रोज एक दिवा लावायचा. एका बाईने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशाने दिव्याची सोय केली आणि ते दगडात कोरून ठेवले.

हरिस्वामिनीजवळ दिनार होते, माझ्या आजीजवळ मोडीचे पैसे होते. दोघींच्या मध्ये पंधराशे वर्षे आहेत, आणि त्या पंधराशे वर्षांत आपल्या बायकांच्या हातात पोत दिला गेला होता. दिवा कशाचा होता, तेलाचा, कापराचा की मेणाचा, याला मी फार महत्त्व देत नाही. दिव्याचा खर्च कोण करतो आणि कोणासमोर हात पसरून करतो, याला महत्त्व आहे. बौद्ध परंपरेतला दिवा हा उपासिकेचे दान होता. गावगाड्यातला दिवा ही तिची भीक होती. १९५६ नंतर आपल्या बायकांनी तो पुन्हा दान केला.

माझाही या मेणबत्तीशी हिशेब आहे. मी दहावीला होते तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. संध्याकाळी वंदना झाली की आजी मेणबत्ती विझवून ठेवी. वीज गेली की तीच अर्धी मेणबत्ती माझ्या पुस्तकापुढे येई. शेजारची एक बाई एकदा म्हणाली, "आगं, देवापुढची बत्ती अशी वापरतेत व्हय?" आजी म्हणाली, "देवापुढची न्हवं ती. बुद्धाफुडची हाय. पोरीनं शिकावं म्हनूनच लावलीया." समईच्या उजेडात अभ्यास केला तर समई बाटते. आमची मेणबत्ती बाटली नाही. आमच्या घराण्यातली पहिली पदवी त्या अर्ध्या जळालेल्या मेणबत्त्यांवर झाली.

इथे थांबले असते तर हा लेख गोड झाला असता. पण चळवळीच्या नियतकालिकात गोड लेख लिहून भागत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जयंतीच्या कार्यक्रमाला मी वक्ता म्हणून गेले होते. विहार सकाळपासून वस्तीतल्या बायकांनी झाडला होता, सारवला होता, फुले आणली होती. बाहेरगावचे पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर मेणबत्ती तशीच उभी होती. एक म्हातारी उठली, काडीची पेटी हातात घेतली. एका कार्यकर्त्याने तिला अडवले. "आजी, बसा जरा. साहेबांचा मान हाय तो."

मान! ज्या शब्दाने आपल्या घरात परडी आली, ज्या शब्दाने आजोबांच्या डोक्यावर गॅसबत्ती चढली, तो शब्द बुद्धमूर्तीसमोर, पांढऱ्या कापडाच्या टेबलाशेजारी, आपल्याच माणसाच्या तोंडून मी ऐकला. पाहुणे आले, फोटोवाल्याने दोनदा पेटवायला लावले. म्हातारी मागे भिंतीला टेकून बसली होती. मी भाषणात त्याविषयी बोलले नाही. बोलायला हवे होते. ती चूक माझी, ती इथे नोंदवते.

आपण मेणबत्ती निवडली ती कोणाचाही मान नसलेला उजेड म्हणून. आज कोणी पेटवायची, आधी कोणी, नंतर कोणी, पत्रिकेवर कोणाचे नाव, यावरून आपल्यात भांडणे होतात. वतन कायद्याने गेले. पण वतनाची वृत्ती टेबलावर चढून बसली तर त्या टेबलावर बुद्ध असून काय उपयोग? बाबासाहेबांनी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. तिचा बौद्धाचार्य जन्माने ठरत नाही, शिकून तयार होतो. विधी लावणारा वंशपरंपरेने येत नसेल, तर बत्ती पेटवणारा पदपरंपरेने का यावा?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आमच्या गावात मांगवाड्यात अजून दोन घरी परडी आहे. पोत अजून पेटतो. आपली शिकलेली मुले त्या बायांकडे पाहून हसतात. 'अजून अंधारात आहेत,' असे म्हणतात. मला त्या हसण्याची भीती वाटते. माझी आजी वीस वर्षांची होईपर्यंत तीच बाई होती. कसबे तडवळ्याच्या परिषदेच्या नावात जे दोन शब्द शेजारी होते ते आपण इतके दूर कसे नेले? ऑगस्ट १९७८ मध्ये नामांतराच्या दंगलीत नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. ते मातंग होते आणि बाबासाहेबांच्या नावासाठी मेले. आपण दरवर्षी किती मेणबत्त्या त्यांच्या नावाने लावतो, आणि कोणाच्या वस्तीत जाऊन लावतो? पोत धरलेल्या बाईला हसून मेणबत्ती कळत नाही. तिला तेल मागावे लागते ते का, हे विचारले तर कळते.

बुद्धाने अखेरच्या दिवसांत भिक्खूंना दुसऱ्या कोणाचा आधार न घेता स्वतःचाच आधार घ्यायला सांगितले. तिथे जो 'दीप' शब्द येतो त्याचे पालीत दोन अर्थ होतात : दिवा आणि बेट. पुरात पाय टेकायला मिळणारी जमीन, तोही दीपच. तेरणेला पूर आलेला पाहिलेल्या माणसाला दुसरा अर्थ पहिल्याइतकाच जवळचा वाटेल. आजीला पाली येत नव्हते. पण मुठीचे पितळ मोडून तिने जे घरात आणले ते दोन्ही अर्थांनी दीप होते.

आता माझ्या सहकाऱ्याला मी उत्तर देऊ शकते. सर, दिवा आम्हाला चालतो. तेलाचाही चालतो. पण आमच्या घरात एक दिवा होता आणि त्याचे तेल तुमच्या घरून येत होते. म्हणून आम्ही मेणबत्ती लावतो.

आणि माझ्या कार्यकर्त्या भावांना एवढेच सांगणे आहे. येत्या चौदा एप्रिलला पाहुण्यांची वाट पाहू नका. ज्या बाईने विहार झाडला तिच्या हातात काडीची पेटी द्या. माझी आजी २०१२ साली वारली. तिच्या जलदान विधीला पहिली मेणबत्ती कोणी लावायची यावर घरात चर्चा झाली नाही. जी जवळ उभी होती तिने लावली. ती मांगवाड्यातली एक आराधीण होती, आजीची जुनी मैत्रीण. परडी बाहेर ओट्यावर ठेवून ती आत आली होती.